बसऱ्याला गेलेले आपले पूर्वज : दगडावर आकडा आहे, नाव नाही

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवत होतो. धडा तोच नेहमीचा. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, दोस्त राष्ट्रे, जर्मनी, व्हर्सायचा तह. मुलं वहीत सनावळ्या उतरवून घेत होती. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने ओढणीच्या टोकाला बांधून एक वस्तू आणली. जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा, काळा पडलेला चांदीचा गोल बिल्ला. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला माणूस. घरात त्याला 'बसऱ्याचा बिल्ला' म्हणतात, दादीच्या पेटीत तसबीहच्या शेजारी असतो, एवढंच तिला माहीत होतं.

आम्ही भिंग घेऊन बिल्ल्याची कड वाचली. चांदीच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात हे आम्हाला वाचून ठाऊक होतं, पण हातात घेऊन पाहण्याची ही पहिलीच वेळ. आधी नंबर, मग 'सिपाही', मग नाव आणि शेवटी पलटण : 110 मराठा. ते ऐकून त्या मुलीने जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. ती म्हणाली, "सर, आम्ही तर मुसलमान. मग आमचे परदादा मराठा पलटणीत कसे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. आपल्या घरांतल्या बोलण्यातही ते आता राहिलेलं नाही.

मराठा पलटणीत मुसलमान कसे?

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तीन फौजा होत्या : बंगालची, मद्रासची आणि मुंबईची. मुंबईच्या फौजेत आपल्या भागातली माणसं भरती होत. मराठे, महार, दख्खनचे आणि कोकणचे मुसलमान, बेने इस्रायली ज्यू. 1857 नंतर इंग्रजांनी फौजेची फेररचना केली. कोणत्या पलटणीत कोणत्या समाजाची किती माणसं घ्यायची, याची गणितं ठरू लागली. एका पलटणीत वेगवेगळ्या समाजांच्या वेगवेगळ्या कंपन्या ठेवायच्या, म्हणजे सगळे एकत्र येऊन बंड करणार नाहीत, असा त्यामागे हिशेब होता.

त्या पद्धतीप्रमाणे 1914 साली 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या मराठा पलटणींमध्ये बहुतेक कंपन्या देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांच्या होत्या, आणि उरलेल्या कंपन्या दख्खनी मुसलमानांच्या. पलटणीच्या नावात फक्त 'मराठा' असल्यामुळे पुढे लोकांना वाटलं की त्यात दुसरं कोणी नव्हतंच. पण नगर, पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यातले शेख, पठाण, सय्यद त्याच पलटणीत, त्याच खंदकात होते. रसोडे वेगळे होते, पण कवायतीचं मैदान एकच. फौजेची बोली हिंदुस्थानी. मराठा पोरगा फौजेत जाऊन ती शिकायचा, आपल्या मुसलमान पोराला ती घरूनच यायची आणि मराठी गावातून.

हे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. याच मुंबईच्या फौजेचा मोठा आधार असलेल्या महार समाजाची भरती इंग्रजांनी 1890 च्या दशकात बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगर-लढाऊ जाती' अशी एक विचित्र विद्या तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनी काढली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे याच फौजेतले सुभेदार. पुढे महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये '111 महार' ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडून टाकली. गरज होती तेव्हा लढाऊ, गरज संपली की बिगर-लढाऊ!

अकरा रुपयांसाठी समुद्रापार

आपल्या भागातली माणसं परक्याच्या लढाईला का गेली? आज कोणी म्हणतं ती इंग्रजांची चमचेगिरी होती, कोणी म्हणतं ती देशभक्ती होती. आम्हाला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

नगर जिल्हा म्हणजे दुष्काळाचा जिल्हा. 1899-1900 च्या दुष्काळाने इथल्या कित्येक घरांची गुरं संपवली, जमिनी सावकाराकडे गेल्या. आमच्या पुणतांब्याला गोदावरी आहे, पण नदीकाठ सोडला की त्या काळी सगळं आभाळाच्या भरवशावर. अशा वेळी सिपायाला महिन्याला 11 रुपये पगार मिळायचा. रक्कम फार मोठी नव्हती, पण दर महिन्याला नक्की येणारी होती. पाऊस पडो न पडो, मनीऑर्डर यायची. वर पेन्शनची आशा. भरतीच्या रांगेत उभं राहायला गरीब घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला एवढं पुरेसं होतं.

नगरची लष्करी छावणी इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळापासूनची. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून पुणतांब्यातून पुढे जातो. आज आपण या स्टेशनवर शिर्डीची गाडी बघतो. त्या काळी हाच मार्ग नगरच्या छावणीला बाहेरच्या जगाशी जोडत होता. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात अडकलेल्या जर्मन नागरिकांना नगरलाच कैदेत ठेवलं होतं. म्हणजे युद्ध कुठेतरी युरोपात चाललं होतं आणि नगर जिल्हा त्यापासून दूर होता, असं अजिबात नाही.

या युद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे 14 लाख माणसं भरती झाली. दहा लाखांहून अधिक समुद्रापार गेली. 74 हजारांच्या आसपास मेली. त्यात मुसलमानांची संख्या मोठी होती, साधारण 4 लाख सांगितली जाते. सर्वांत जास्त भरती पंजाबची, हे खरं. पण मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेचा पहिला भार उचलला तो आपल्या इकडच्या फौजेने. त्या डिव्हिजनचं नावच होतं सहावी 'पूना' डिव्हिजन.

फाओपासून कूतपर्यंत

6 नोव्हेंबर 1914 ला पूना डिव्हिजनची पहिली तुकडी शत-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरली. उस्मानी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं होतं आणि इंग्रजांना इराणच्या तेलाची काळजी होती. त्याच महिन्यात बसरा पडलं. आपल्या गावाकडे 'बसऱ्याची लढाई' हे नाव रुळलं ते इथून. पुढे कुर्ना, शैबा, अमारा असं करत फौज दजला नदीच्या काठाने वर सरकत गेली. जनरल टाउनशेंड सेनापती होता आणि वरिष्ठांना बगदाद हवं होतं.

नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे सलमान पाक इथे मोठी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत तिला टेसिफॉनची लढाई म्हणतात. आपल्याला ते ठिकाण वेगळ्या कारणाने माहीत आहे. प्यारे नबी (स.) यांचे सहाबी हजरत सलमान फारसी (र.) यांची कबर तिथे आहे. दख्खनचा मुसलमान सिपाही त्या कबरीच्या सावलीत तुर्कांवर गोळी झाडत होता. त्याच्या मनात त्या वेळी काय असेल, याचा विचार आम्ही अनेकदा करतो.

त्या लढाईत टाउनशेंडच्या फौजेतले चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांत घालून खाचखळग्यांतून नदीपर्यंत आणलं. औषध नाही, बोटी पुरेशा नाहीत. या हालांची पुढे चौकशी झाली. 1917 च्या अहवालानंतर लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मागे हटलेली फौज कूत-अल-अमारा या गावात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने वेढा. आतमध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. म्हणजे त्या बिल्ल्यावरचा आकडा इथला आहे.

धान्य संपत आलं. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. इंग्रज सोल्जर ते खाऊ लागले, पण हिंदू-मुसलमान सिपायांपैकी बहुतेकांनी सुरुवातीला हात लावला नाही. गावी परतल्यावर बिरादरी काय म्हणेल, ही भीती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी अनेकांनी नकोच म्हटलं. पोटात अन्न नाही, भाजी नाही, त्यामुळे हिरड्यांतून रक्त येऊन लोक आजारी पडले. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजेचे सुमारे 23 हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही.

शेवटी शरणागती. सुमारे 13 हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली 10 हजारांच्या आसपास हिंदुस्थानी होती. सिपाही तर होतेच, शिवाय भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले होते. जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. सिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, आणि पुढे अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. ऊन, जुलाब, उपास. त्यांतले हजारो परत आले नाहीत.

कूतनंतर इंग्रजांनी नवी फौज उभी केली आणि 11 मार्च 1917 रोजी बगदाद घेतलं. संपूर्ण युद्धात मेसोपोटेमियाला हिंदुस्थानातून सिपाही आणि मजूर धरून सुमारे 5 लाख 88 हजार माणसं गेली. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच आघाडीवर गेली नाहीत. 117 मराठा पलटणीला तिच्या कामगिरीबद्दल पुढे 'रॉयल' ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली, सिपायाच्या घरी बिल्ला आला. आणि भिस्ती-खेचरवाल्यांना तोच बिल्ला चांदीऐवजी काशाचा.

ईमान आणि मीठ

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येणारच. खलीफाच्या फौजेविरुद्ध मुसलमान लढले कसे?

नोव्हेंबर 1914 मध्ये इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला. इंग्रजांनी ताबडतोब जाहीर केलं की मक्का-मदिना आणि इराकमधल्या पवित्र स्थळांना धक्का लावणार नाही. सिपायासमोर दोन गोष्टी होत्या. एकीकडे ईमान, दुसरीकडे खाल्लेलं मीठ आणि कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ. सगळ्यांचं उत्तर एकच आलं नाही. बहुतेकांनी शपथ पाळली. काहींनी नकार दिला. फेब्रुवारी 1915 मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान सिपायांनी बंड केलं आणि 47 जणांना भिंतीपुढे उभं करून गोळ्या घातल्या. 1916 च्या सुरुवातीला बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान घोडेस्वारांनी पवित्र भूमीकडे कूच करायला नकार दिला आणि काळ्या पाण्याची शिक्षा भोगली.

लढले त्यांचंही नाव घ्यायला हवं. 31 ऑक्टोबर 1914 रोजी बेल्जियममध्ये हॉलबेक इथे 129 बलुची पलटणीचे सिपाही खुदादाद खान यांनी मशीनगनवरचे सगळे साथीदार पडल्यावर, स्वतः जखमी असताना, एकट्याने गन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदुस्थानी सैनिक. हिंदुस्थानी सिपायाला हे पदक देण्याची परवानगीच मुळी 1911 मध्ये मिळाली होती. तोपर्यंत त्याला हे पदक मिळूच शकत नव्हतं. आणि शौर्य कितीही गाजवलं तरी सिपाही वर चढून सुभेदार-मेजरपर्यंतच जायचा. कालच आलेला गोरा पोरगेला अधिकारी त्याचा साहेब असायचा.

फ्रान्समध्येही आपले लोक होते. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. रस्ते-पूल बांधणारी ही माणसं, त्यांच्या हातात संगिनी देऊन त्यांना पायदळासारखं पुढे घातलं. त्यांची फार मोठी हानी झाली. फ्रान्समधून घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचत असत. उर्दूत लिहिलेल्या पत्रांत सिपाही खुबीने 'काळी मिरी' आणि 'लाल मिरी' असे शब्द वापरायचे. काळी म्हणजे आपण, लाल म्हणजे गोरे. काळी मिरी संपत चालली, आता तुम्ही येऊ नका, हे घरच्यांना कळावं म्हणून.

जे सिपाही इंग्लंडमधल्या इस्पितळांत वारले, त्यांतल्या मुसलमानांचं दफन वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ झालं. ही मशीद भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या मदतीने 1889 मध्ये उभी राहिली होती. हिंदू-शिखांचं दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झालं, तिथे आज छत्री आहे. तिथे नीट व्यवस्था झाली, कारण तिथे जगाचं लक्ष होतं. इराकच्या वाळवंटात ते नव्हतं.

नाव कुठे गेलं?

आता मूळ मुद्दा. 1917 मध्ये इंग्रजांनी युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांसाठी एक आयोग नेमला. त्याचं तत्त्व फार चांगलं होतं : अधिकारी असो की शिपाई, धर्म-वंश कोणताही असो, सगळ्यांची आठवण सारखीच. युरोपात ते बऱ्यापैकी पाळलं. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदुस्थानी नावं कोरलेली आहेत.

बसऱ्याचं स्मारक 1929 मध्ये उघडलं. मेसोपोटेमियात मेलेले आणि कबर माहीत नसलेले 40 हजारांहून अधिक सैनिक या स्मारकावर आहेत. गोऱ्या सोल्जरांची नावं आहेत. हिंदुस्थानी सुभेदार-जमादारांची नावं आहेत. आणि साधा सिपाही? पलटणीच्या खाली सुभेदारांची नावं झाली की पुढे लिहिलं आहे : आणि इतर अमुक इतके हिंदुस्थानी सिपाही. संपलं. हजारो माणसं त्या 'इतर'मध्ये गेली.

दिल्लीच्या इंडिया गेटवर 13 हजारांवर नावं आहेत, तर ते स्मारक 70 हजारांहून अधिक मृतांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीला किंवा शाळेच्या भिंतीला एक संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, एवढंच तिच्यावर असतं. साताऱ्याकडे अपशिंगे गावाने ही आठवण इतकी जपली की गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' झालं. पण बहुतेक ठिकाणी पाटीवर चुना चढला आहे, आणि पाटीवर नावं नाहीतच, फक्त आकडे.

एप्रिल 2021 मध्ये त्याच आयोगाने एक अहवाल काढून ही चूक कबूल केली. हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्त वगैरे ठिकाणच्या 45 ते 54 हजार मृतांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीने ठेवली गेली नाही. आणखी किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावंच लिहिली गेली नाहीत किंवा त्यांची कुठे नोंदच झाली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी!

बसऱ्याच्या स्मारकाचं नशीबही बघा. 1997 मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने ते आहे तसं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं. आपल्याकडून फातेहा पढायला तिथे कोण जाणार?

विसरलो आपणही

दोष फक्त इंग्रजांचा नाही. विसरण्यात आपलाही वाटा आहे. युद्ध संपलं आणि 1919 मध्ये रौलट कायदा आला, जालियनवाला बाग झाली, पाठोपाठ खिलाफत चळवळ उभी राहिली. ज्या घरातला मुलगा बगदादच्या लढाईत होता, त्याच घरातला दुसरा मुलगा खिलाफतच्या मिरवणुकीत घोषणा देत होता. इंग्रजांसाठी लढलो हे सांगणं अवघड झालं. स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासातही या सिपायांना जागा मिळाली नाही, कारण ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते. आणि फाळणीनंतर तर 'मुसलमान सिपाही' म्हटलं की लोकांना पंजाब-पेशावरच आठवू लागलं. नगर-सोलापूरचा दख्खनी मुसलमान सिपाही त्यात पार हरवून गेला.

आज मात्र प्रश्न वेगळ्या रूपात येतो. "तुम्ही देशासाठी काय केलं?" असं आपल्या मुलांना तोंडावर विचारलं जातं. त्यावर उत्तर म्हणून या सिपायांना पुढे करावं, असा मोह होतो. आम्ही वर्गात तसं करत नाही. कारण ते युद्ध देशासाठी नव्हतंच, ते साम्राज्यासाठी होतं. आपल्याच लोकांना गुलामीत ठेवणाऱ्या साम्राज्यासाठी. इराकच्या लोकांनी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या माणसांची गरिबी खरी, शौर्य खरं, आणि त्यांचा वापर झाला हेही खरं. तिन्ही एकत्र सांगितलं तर इतिहास होतो. एक उचललं तर भाषण होतं.

आणि एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगतो. त्या खंदकात मराठा आणि मुसलमान शेजारी होते. कोणी कोणाकडे हिशेब मागितला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून 25 लाख माणसं गेली, सुमारे 87 हजार मेली. इटलीत 10 जुलै 1944 रोजी रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने हल्ला चढवला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीचा दस्ता वापरून लढले आणि तिथेच पडले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर आपल्याच नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे सिपाही नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुरक्षित जागी आणलं. मग परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला, हिंदू असो की मुसलमान, निमजच्या नामदेव जाधवांचं नाव माहीत नव्हतं. निमज आमच्यापासून किती लांब आहे? एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आपल्या घरात कसं शोधायचं?

अनेक वाचक विचारतील, आमच्या घरातून कोणी गेलं होतं का, हे कसं कळणार? आम्ही जे करून पाहिलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे घरातली पेटी. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या बिल्ल्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तो घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. भिंगातून वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कित्येक घरांत असे बिल्ले अडचणीच्या वेळी सोनाराकडे गेले आणि वितळले. राहिला असेल तर विकू नका. नाव असलेला तो एकमेव कागद समजा, फक्त चांदीचा.

दुसरं, कागद. डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, उर्दू किंवा मोडीतली पत्रं. वाचता येत नाहीत म्हणून जुने कागद नदीत सोडण्याची किंवा दफन करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण त्यावर अल्लाहचं नाव असतं. आदर ठेवाच, पण आधी उर्दू जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

तिसरं, आयोगाची मृत सैनिकांची यादी इंटरनेटवर मोफत शोधता येते. दगडावर नाही अशी बरीच नावं या यादीत सापडतात, काही वेळा बापाचं नाव आणि गावही असतं. पण इंग्रजी कारकुनाने आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. शेख, इब्राहिम, मोहिद्दीन यांचे चार-पाच वेगवेगळे इंग्रजी स्पेलिंग करून बघा. गावाच्या नावाचंही तसंच. पंजाबात अशी कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर पुढे आली आहेत. लाहोरच्या म्युझियममध्ये पडून असलेल्या नोंदवह्यांत सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची माहिती होती, त्या 2021 पासून ऑनलाइन येऊ लागल्या.

चौथं, कोकणातले आणि मुंबईतले वाचक हो, फक्त फौजेत शोधू नका. युद्धात बुडालेल्या जहाजांवर हजारो खलाशी होते आणि त्यांत आपले कोकणी मुसलमान होते. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे.

पाचवं आणि सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांशी बोलणं. आडनाव सुभेदार, हवालदार किंवा जमादार आहे म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. ही नावं निजामशाहीपासूनची असू शकतात. पण घरात कोणी 'बसरा', 'लढाई', 'पलटण' असा शब्द उच्चारला तर तिथे थांबा आणि विचारा.

त्या मुलीच्या दादीला आम्ही जाऊन भेटलो. त्यांनी सासूकडून ऐकलं होतं ते एवढंच : लग्नाला दोन वर्षं झाली होती, ते बसऱ्याकडे गेले, एक मनीऑर्डर आली, मग टपालाने हा बिल्ला आला. माणूस आला नाही. सासू दर शब-ए-बरातला सगळ्या कबरींवर फुलं वाहून आल्यावर घराच्या उंबऱ्यावर एक फूल ठेवायची. कारण त्यांची कबर कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

यादीत शोधल्यावर 110 मराठा पलटणीत त्या नावाशी जुळणारी एकाहून अधिक माणसं निघाली. पण बिल्ल्याच्या कडेवर नंबर होता. नंबर जुळला. आम्ही तो कागद छापून दादींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, बिल्ला परत पेटीत ठेवला आणि नातीला म्हणाल्या, "नाव नीट लिहून ठेव. बापाच्या नावासकट."

आता ते नाव नववीच्या इतिहासाच्या वहीत आहे, मराठीत आणि उर्दूत. या वर्षी वर्गातल्या प्रत्येकाला आम्ही घरी जाऊन विचारायला सांगितलं आहे. आतापर्यंत तीन मुलांनी हात वर केलेत. त्यातलं एक घर मराठ्यांचं आहे, एक महारवाड्यातलं आणि एक आपलं.